पाठची

जागवणीच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रात नुसती जत्रा असते. आईबाप ट्रॅक्टर, टेम्पो, मिळेल त्यानं येतात. कुणी लेकरासाठी नवा फ्रॉक आणतं, कुणी चपला, आणि त्याही गेल्या वर्षीच्याच मापाच्या. त्यांचं काही चुकत नाही. दडीला ठेवलेल्या लेकराचा पाय वाढत नसतो.

त्या वर्षी वैजंता सानप धाकट्या लेकीला, कार्तिकीला, बरोबर घेऊन थोरल्या ईश्वरीला न्यायला आली होती. मायलेकी आदल्याच दिवशी कल्याणकडच्या वीटभट्टीवरून गावी परतल्या होत्या. नवरा भागवत सामान लावायला मोरदऱ्यालाच थांबला होता. नाव पुकारलं तशा दोघी आत गेल्या. ईश्वरी खाटेवर उठून बसली होती. गाल भरलेले, केसांना तेलाची चमक, एका गालावर उशीच्या शिवणीचा वळ. तिनं डोळे चोळले, आईकडं बघितलं आणि म्हणाली, "आणि मग उरलेल्या लाडवांचं काय केलंस?"

दिवाळी उलटल्यावर सुई टोचताना तिचं निम्मं बोलणं राहून गेलं होतं, ते तिनं आता पुरं केलं. वैजंताला दरवर्षी याचं हसू यायचं. लाडू कधीच संपले होते. त्यानंतर सात महिने भट्टीवर गेले होते, कार्तिकीला कांजिण्या येऊन गेल्या होत्या, शेजारच्या खोपटातलं एक तान्हं लेकरू दगावलं होतं. यातलं काय काय सांगायचं? तिनं नुसतं "खाल्ले सगळ्यांनी" म्हटलं.

सिस्टर नवीन होती. तिनं दोघी बहिणींना भिंतीच्या पट्टीपाशी शेजारी शेजारी उभं केलं. दोघींची डोकी एका रेषेत आली.

"जुळ्या का हो?"

"नाही ओ सिस्टर. ही थोरली, ईश्वरी. अन् ही हिच्या पाठची."

सिस्टरनं कार्तिकीच्या रापलेल्या, शहाण्या तोंडाकडं पाहिलं, मग ईश्वरीच्या कोवळ्या तोंडाकडं. "उलटं सांगताय बाई तुम्ही!"

उलटं काही नव्हतं. एका लेकराच्या पाठीवर दुसरं होतं, म्हणून धाकट्याला आपल्याकडं पाठचं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द सरळ चालत आला. तो वाकडा झाला एका बेडकामुळं.

आपल्या माळावर एक बेडूक असतो. पावसाळ्यात दिसतो, नंतर गायब. पाऊस सरला की मागच्या पायांनी माती उकरत तो उलटा खाली जातो आणि हात-दीड हात खोल जाऊन बसतो. खाणं नाही, पिणं नाही, हालचाल नाही. मरत मात्र नाही. शरीर ही चूल धरली तर बेडूक ती विझवत नाही, निखारा राखेखाली झाकून ठेवतो. प्रत्येक पेशीत अन्न जाळून ताकद तयार करणारे बारीक कारखाने असतात. 'हळू घ्या' असा निरोप त्या कारखान्यांना देणारं एक प्रथिन कोरड्या दिवसांत या बेडकाच्या रक्तात तयार होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डॉ. अनुपमा टिळेकर या बाईंनी ते प्रथिन वेगळं काढलं. आधी उंदरांवर, मग शेळ्यांवर, मग माणसांवर प्रयोग झाले. बाईंना ते औषध अपघातात सापडलेल्यांसाठी हवं होतं. दवाखाना गाठेपर्यंत माणसानं तग धरावा, एवढाच त्यांचा हेतू. पण मध्यंतरी लागोपाठ दुष्काळ पडले, आणि औषध दुसऱ्याच कामाला लागलं.

दडीत गेलेल्या लेकराचं अंग खोलीइतकं गार पडतं, काळीज मिनिटात चार-पाच वेळा हलतं. आठवड्याला जेवढं अन्न लागावं तेवढ्यावर महिने निघतात, आणि तेही नळीतून. भूक नाही, तहान नाही, वाढ नाही. लेकराच्या लेखी दिवाळीनंतरचा दुसरा दिवस म्हणजे मृग. शासनानं याला 'ग्रीष्मनिद्रा' असं भारदस्त नाव दिलं. लोकांनी ते एक दिवसही वापरलं नाही. पाऊस दडी मारतो, मग लेकरांनी मारली तर काय बिघडलं, असं कुणीतरी चेष्टेनं म्हणालं आणि 'दडी' हाच शब्द रुळला.

अटी दोन होत्या. एक, घरटी एकच खाट, कारण खाटाच तेवढ्या होत्या. दुसरी अट वजनाची. झोपायला फारसं काही लागत नाही, लागतं ते उठायला. गार पडलेलं अंग पुन्हा तापवायचं काम शरीर स्वतःच करतं, आणि त्यासाठी अंगावरची चरबी जाळतं. ती पुरेशी नसली तर लेकरू अर्धवट तापतं आणि तिथंच थांबतं. म्हणजे ज्या लेकराचं पोट भरलेलं, त्यालाच भुकेपासून लपायची सोय. बेडकाचंही तसंच असतं म्हणा, तोही आधी खाऊन घेतो.

आठ वर्षांपूर्वी योजना आली तेव्हा ईश्वरी पाच वर्षांची होती, आजोळी वाढलेली, गुबगुबीत. कार्तिकी अडीच वर्षांची, अंगावर पिणारी. चार वर्षांच्या आतलं लेकरू घेतच नव्हते, आणि घरात थोरल्याचं आधी, ही रीत. कुणी फार विचार केला नाही. ईश्वरी दडीला गेली, कार्तिकी आईच्या कडेवर भट्टीवर गेली, आणि दरवर्षी तेच होत राहिलं. ईश्वरीच्या वाट्याला आठ पावसाळे आले, कार्तिकीच्या वाट्याला पावसाळे आणि भट्ट्या दोन्ही.

आज कागदावर ईश्वरी तेरा वर्षांची होती, पण जगलेली साडेआठ. कार्तिकी साडेदहा पुरी जगली होती, फक्त तिच्या उंचीत त्यातली दोन वर्षं कुठं दिसत नव्हती.

डॉक्टर रेहाना शेख यांनी दोघींना तपासलं, हाडांची वाढ बघायला कार्तिकीच्या मनगटाचा एक्स-रे काढला आणि वैजंताला समोर बसवलं.

"आई, ईश्वरी तब्येतीनं उत्तम आहे. पण तिचं वय आणि तिचं शरीर यांत फार अंतर पडलंय. यंदा तिला जागी ठेवा. खाट तुमचीच राहील, ती हिला द्या."

"कार्तिकीला?" वैजंताचा विश्वास बसेना.

"हिची वाढीची वर्षं आता आलीत. ती भट्टीवर अर्ध्या पोटी गेली तर परत येत नाहीत, मग कितीही खाऊ घाला. झोपली तर निदान राखून राहतील, पावसाळ्यात खाईल आणि वाढेल. पण वजन चार किलो कमी आहे. दिवाळीपर्यंत चार किलो वाढवून आणा."

वैजंताला पहिल्यांदा आनंदच झाला, अगदी उड्या माराव्यात असा. आठ वर्षं ती या एका गोष्टीसाठी मनात कुढत होती. बाहेर आल्यावर कार्तिकी ईश्वरीची चप्पल पायात अडकवून देत होती, आणि ईश्वरी ऐटीत पाय पुढं करून बसली होती. मग वैजंताच्या डोक्यात पुढचं आलं. कार्तिकी दडीला गेली की भट्टीवर यायचं कुणी? हीच.

भागवतला सांगितलं तेव्हा तो विळ्याला धार लावत होता. त्यानं विळा खाली ठेवला.

"मुकादम पोरीला बघूनच आपल्याला घेतो," तो म्हणाला. "ओल्या विटा पालटायला हलकं लेकरू लागतं. कार्तिकीनं पाय दिला तरी विटेवर ठसा उमटत न्हाई. सगळ्या भट्टीत तिच्यासारखी दुसरी न्हाई."

"ठसा उमटत न्हाई म्हणूनच तिला न्यायचं न्हाई."

"अन् ईश्वरी? तिनं ऊन तरी बघितलंय का कधी?"

"ते मला कळत न्हाई का?" वैजंता कडाडली. "तुम्ही काहीतरी तोडगा सांगा, न्हाईतर गप ऱ्हावा."

  दुसऱ्या दिवशी तो बाजारातून येताना न सांगता अंडी घेऊन आला, आणि पुढं दर बाजाराला आणत राहिला. माणूस वाईट नव्हता.

मग त्या घरात एक वेगळंच काम सुरू झालं. शेळीचं दूध कार्तिकीला. अंडं कार्तिकीला. भाकरीवर तुपाची धार, शेंगदाण्याचा कूट, गुळाचा खडा, सगळं तिला. वैजंता तिला ताटापाशी बसवायची आणि स्वतः चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत राहायची. आपण किती खातो हे लेकरांना दिसू नये, ही तिची जुनी सवय.

ईश्वरीला यातलं काही उमजत नव्हतं. तिला उमजावं तरी कसं? तिनं गाव बघितलं ते फक्त पावसाळ्यातलं. तिच्या लेखी मोरदरा म्हणजे हिरवा माळ, वाहता ओढा, काठोकाठ विहीर, बारमाही. माणसं सणवार झाले की इथून उठून कुठंतरी धुळीत का जातात, हे तिला दरवर्षी कोडं पडायचं.

"इथं एवढं पाणी असताना आपण भट्टीवर कशाला जातो गं आई?" तिनं एकदा विचारलंही.

"हौस म्हणून," वैजंता म्हणाली.

एक दिवस ईश्वरीनं जेवताना अर्धी भाकरी कुत्र्यापुढं टाकली. पोट भरलं होतं, बस. कार्तिकी ताटावरून उठली, कुत्र्याच्या तोंडची भाकरी ओढून घेतली आणि ईश्वरीच्या थोबाडीत मारली. फाडकन. ईश्वरीला रडायचंही सुचेना, ती नुसती बघत राहिली.

"अगं ए! थोरल्या बहिणीवर हात उचलतीस?" वैजंता धावली.

"ही कुठली थोरली?" कार्तिकी किंचाळली. "ही निजली होती! मी तिकडं विटा उलथत होते तवा ही निजली होती! पुन्हा हिला ताई म्हणणार न्हाई मी!"

वैजंतानं हात उगारला होता. तो तिनं खाली घेतला आणि दारात जाऊन बसली. तिला कार्तिकीचा राग आला नाही. स्वतःचाच आला.

ईश्वरी मात्र त्या दिवसापासून कार्तिकीच्या मागंमागं फिरू लागली. "भट्टीवर काय असतं? सांग ना." कार्तिकी आधी बोलेना. मग एका दुपारी वैजंता पाण्याची घागर घेऊन येत होती तर ओढ्याकाठी दोघींचा खेळ रंगात आलेला. कार्तिकीनं चिखलाच्या वड्या ओळीनं मांडल्या होत्या आणि ईश्वरीला त्यांच्यामधून चालायला लावत होती.

"टाच टेकवू नको. चवड्यावर चाल. हां, अशी. आता वाक अन् कडंनं उचल, मधी बोट लावशील तर मुकादम वरडतो. दुपारी डोक्यावर ओलं फडकं घ्यायचं, अन् पाणी एकदम प्यायचं न्हाई, घोटघोट."

"आणि दमले तर?"

"दमलं तर मोजायचं. ओळ संपेपर्यंत मोजायचं."

ईश्वरी खिदळत होती. तिला तो खेळच वाटत होता. वैजंताची घागर हिंदकळून निम्मं पाणी पदरावर सांडलं, तरी ती तिथंच उभी होती.

गणपती गेले, नवरात्र गेलं. कार्तिकीचं वजन काही हलेना. आरोग्यसेविकेच्या काट्यावर श्रावणात एक किलो वाढलेलं दिसलं होतं, मग जरासं आणखी, आणि पुढं काटा रुसून बसला. वैजंतानं जंताचं औषध दिलं. अंडी वाढवली. "खातीस ना गं सगळं?" विचारलं की कार्तिकी मान हलवायची. ताट तर लख्ख असायचं. मग जातंय कुठं? वैजंताला वाटलं, भट्टीची आग हिच्या अंगातच जाऊन बसलीय, खाल्लेलं सगळं जाळतीय.

दिवाळी झाली. ठरल्या दिवशी चौघंही केंद्रात आली. भागवतनं भट्टीवर जायची वळकटी बरोबरच घेतली होती. इथून परस्पर निघायचं ठरलं होतं, चौघांतल्या तिघांनी. कोण तिघं, ते काटा सांगणार होता.

रांगेत असताना ईश्वरी कार्तिकीला ओढत नळापाशी घेऊन गेली. वैजंतानं लांबून बघितलं तर ही तांब्यावर तांब्या भरून देतीय आणि ती डोळे मिटून पितीय.

"काय चाललंय गं?"

"पाणी जड असतं ना आई," ईश्वरी हळूच म्हणाली. "चार तांबे प्याली की चार किलो. मी मोजतेय."

वैजंताला हसावं की रडावं कळेना. आणि खरं सांगायचं तर तिनं अडवलंही नाही. पण सिस्टर आता नवीन राहिली नव्हती. तिनं कार्तिकीचं टम्म पोट बघितलं आणि बाकाकडं बोट केलं.

"बस तिथं. सगळेच पाणी पाजून आणतात. दोनदा बाथरूमला जाऊन आली की मग काटा."

दोनदा जाऊन आल्यावर काटा झाला. चारपैकी दीड किलो वाढलं होतं. अडीच किलो कमी.

डॉक्टर रेहाना यांनी दोनदा बघितलं आणि मान हलवली. "नाही आई. एवढ्यावर मी सुई देणार नाही. झोपेल ती, पण उठणार नाही."

"डॉक्टरबाई, पोटात घास घालताना मी दुसऱ्या कुणाकडं बघितलं न्हाई हो!" वैजंताचा आवाज चढला. सगळी रांग बघू लागली. "दूध दिलं, अंडी दिली, शेंगा, गूळ, तूप. विचारा तिला! सांग गं कार्तिके, दिलं का न्हाई?"

"दिलं," कार्तिकी म्हणाली.

"मग खाल्लं न्हाईस का तू?"

कार्तिकी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. डॉक्टर खाली वाकल्या. "काय केलंस बाळा? मला सांग. कुणी रागावणार नाही."

"अंडं खाल्लं. दूध प्यालं. ते ठेवता येत न्हाई."

"आणि बाकीचं?"

"भाकरीचे कुटके करून वाळवले. शेंगा अन् गूळ डब्यात हाये. कणगीच्या मागं पोतं हाये."

भट्टीवरची लेकरं हेच करतात. हाताला लागेल ती भाकरी मोडून, वाळवून, कुठंतरी दडवून ठेवतात, कारण काम थांबलं की मुकादम शिधा थांबवतो. कार्तिकी तशीच वाढली होती. पण आता तर तिला भट्टीवर जायचंच नव्हतं. वैजंतानं तिला खांद्याला धरून हलवलं.

"अगं पण कशापायी? तू तर इथं निजणार होतीस ना! कुणासाठी साठवलंस?"

कार्तिकीनं ईश्वरीकडं बघितलंसुद्धा नाही.

"ताईला सवय न्हाई ना," ती म्हणाली. "तिला भूक सोसायची न्हाई."

भागवत वळकटीवर बसला होता तो तसाच उठला आणि बाहेर निघून गेला. वैजंताला रडू फुटलं, भर रांगेत, पदर तोंडाला लावायचंही भान नाही. ईश्वरी कधी आईकडं, कधी बहिणीकडं बघत होती. काय झालं ते तिला पुरतं कळलं नव्हतं, पण आपल्यासाठी काहीतरी झालंय एवढं कळलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "मी सांगितलं होतं की ईश्वरीला यंदा नको. पण खाट मोकळी ठेवण्यापेक्षा तिलाच ठेवू या. निदान एक तरी..."

"मला नको!" ईश्वरी ओरडली. केंद्रातल्या भिंतींना असल्या आवाजाची सवय नव्हती. "मी उठते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं! मला काय ठाऊकच नसतं! मला नाही निजायचं!" आणि तिनं कार्तिकीचा हात असा धरला की कुणाला सोडवता आला नसता.

वैजंतानं डोळे पुसले. आठ वर्षं ती समजत होती की एकीला वाचवलंय आणि एकीला भट्टीत घातलंय. आज बघावं तर एकीला पोटभर खायला बसवून उपाशी ठेवलं होतं, आणि दुसरीला झोपवून घराबाहेर.

"कुणालाच ठेवत न्हाई मी," ती म्हणाली.

"दोघींना भट्टीवर नेणार?" डॉक्टरांचा स्वर कडक झाला.

"भट्टीवर न्हाई. गावात ऱ्हाते दोघींना घेऊन."

"मोरदऱ्यात? उन्हाळ्यात? तिथं कुणीच नसतं. प्याल काय?"

"टँकर."

"टँकर बंद आहे तुमच्या गावचा. किती वर्षं झाली."

ते खरं होतं. दडी आल्यापासून टँकर आणि धान्य जाग्या लेकरांच्या आकड्यावर सुटत होतं. लेकरं केंद्रात, आईबाप परगावी, मग रिकाम्या गावाला पाणी कशाला? सरकारी हिशोबात मोरदऱ्याचा दुष्काळ कधीच मिटला होता. तिथं तहानलेलं कुणी उरलंच नव्हतं.

"लेकरं जागी न्हाईत म्हणून बंद हाये ना?" वैजंता म्हणाली. "मग वर कळवा. मोरदऱ्यात दोन लेकरं जागी हायेत म्हणावं."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. "कळवीन. माझ्या हातात तेवढंच आहे. पण टँकर येईलच, असं मी सांगू शकत नाही, आई. नाही आला तर?"

"न्हाई आला तर इथंच घेऊन येईन दोघींना, तुमच्या दारात. जाग्या."

भागवत बाहेर बिडी ओढत उभा होता. "येडी झालीस का?" तो म्हणाला. मग कार्तिकीला कडेवर घेतलं, अकरा वर्षांच्या पोरीला, आणि ती त्याला जड गेली नाही. तसाच तिघींना मोरदऱ्याच्या टेम्पोपाशी घेऊन गेला. भट्टीवर जोडप्याशिवाय घेत नाहीत, म्हणून ट्रकवर विटा भरायच्या कामाला एकटाच गेला.

मोरदरा रिकामा झाला. दारांना कुलपं, कुत्रीसुद्धा माणसांमागं निघून गेली. आधी ओढा आटला, मग विहीर खाली खाली गेली. रोज सकाळी दोघी बहिणी कठड्यावर वाकून बघायच्या.

"पाणी कुठं गेलं गं?" ईश्वरीनं विचारलं.

"काय माहीत," कार्तिकी म्हणाली.

वैजंताच्या तेव्हा ध्यानात आलं की हा उन्हाळा दोघींचाही पहिलाच. एक झोपलेली असायची आणि एक परगावी. आपल्या गावची विहीर आटते कशी, हे दोघींनी कधी बघितलंच नव्हतं. मग तिनं दोघींना बरोबर नेऊन ओढ्याच्या वाळूत झिरा कसा उकरायचा, वाटीनं पाणी कसं भरायचं, ते दाखवलं. दोघी सारख्याच अडाणी, सारख्याच हावऱ्या. कार्तिकी 'ताई' म्हणायची आणि ईश्वरी तिचं सगळं ऐकायची.

डॉक्टरांनी वर कळवलं, वरून दिवसही ठरला, पण त्या दिवशी टँकर आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ते दिवस वाईट गेले. तिघींनी कुटके भिजवून खाल्ले, शेळी विकावी लागली. एकदा ईश्वरीला उन्हानं चक्कर आली तेव्हा वैजंतानं खरंच दोघींना घेऊन केंद्राची वाट धरली, आणि रडत, पण मागं न फिरता, पुरी चालत गेली. डॉक्टर रेहानांनी ईश्वरीला सलाईन लावलं आणि दोन जाग्या मुलींना केंद्राच्या व्हरांड्यात बसवून फोनवर फोन केले. चार दिवसांनी टँकर आला. ड्रायव्हर गावभर हॉर्न वाजवत फिरला, कारण कुठल्या दारात थांबायचं तेच त्याला कळेना. बरोबर धान्याची पोती होती, तीन माणसांच्या मापाची. पुढं तो येत राहिला, कधी वेळेवर, कधी उशिरा. भागवतनं निरोप धाडला की भट्टीवर ही गोष्ट बोलली जातेय, दोन-चार घरं होळीला परत येतो म्हणतायत. येतील तेव्हा खरं.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. वैजंता ओसरीवर ज्वारी निवडत होती. दोघी खेळून आल्या, धुळीनं माखलेल्या. ईश्वरी हातपाय धुवायला गेली, अर्ध्या तांब्यात. कार्तिकी आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, मला भूक लागलीय."

वैजंताचा हात सुपातच राहिला. या पोरीच्या तोंडून हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. भट्टीवर ते म्हणून काही उपयोग नसतो, म्हणून लेकरं ते शिकतच नाहीत. आणि आज ही म्हणत होती, जरा चिडून, पाय आपटत, कुठल्याही घरचं लेकरू म्हणतं तशी.

"काय म्हणालीस?"

"भूक लागलीय म्हणते! कधीची!"

"आत्ता देते गं माझी बाय," वैजंता म्हणाली, आणि डोळे पुसायला न थांबता चुलीपाशी गेली. पिठाच्या डब्यात दोन भाकरींचं पीठ होतं. तिनं सगळं परातीत घेतलं.